जात्याचे वाङ्मय आणि गिरणीचे मौन

मराठी भाषेत ‘गिरणी’ हा शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंस लाविला जातो. घरातील मुलास डबा देऊन जेथे दळण टाकावयास पाठवितो ती गिरणी; आणि जिच्या भोंग्यावर मुंबईच्या परळ-लालबागेतील कित्येक पिढ्यांचे उठणे-बसणे चालले तीही गिरणीच. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गिरणी आहे. ती तालुक्याच्या गावाबाहेर किंवा लहानशा रेल्वे स्टेशनाजवळ उभी असते. कापसातून सरकी निराळी करणारे जीन, रुई दाबून गाठी बांधणारा प्रेस, तेलाची गिरणी, डाळीची गिरणी, सूतगिरणी आणि साखरेचा कारखाना ही तिचीच निरनिराळी रूपे होत. तिच्याभोवती वस्त्या वाढल्या, दुकाने थाटली गेली, लग्ने जुळली, कर्जे झाली, भांडणे झाली. परंतु या वस्तीविषयी मराठी वाङ्मयाने काय लिहून ठेविले आहे असे कोणी विचारिले, तर आमच्यासारख्या वाङ्मयाच्या अध्यापकासही क्षणभर निरुत्तर व्हावे लागते. या निरुत्तरतेची कारणे शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात योजिला आहे.

हा विचार आमच्या मनात एका निबंधामुळे उत्पन्न झाला. रेणापूरकडील एका खेड्यातून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याने ‘आमच्या भागातील साखर कारखान्याचा इतिहास’ या विषयावर चार पाने लिहून आणिली. भाषा शुद्ध होती. स्थापना, भूमिपूजन, संचालक मंडळ, दररोजची गाळपक्षमता, उपपदार्थ सर्व काही यथाक्रम होते. निबंध परत देताना आम्ही सहज विचारिले, “तुझ्या घरचे कोणी कारखान्यात आहे काय?” तो म्हणाला, “नाही, सर. आई-वडील दर साल ऊस तोडायला जातात.” हे निबंधात का आले नाही, असे विचारिता तो गोंधळला. त्यास ते लपवावयाचे नव्हते. तो इतिहास आहे असेच त्यास वाटले नव्हते. दोष त्या मुलाचा नाही. त्याने जो नमुना समोर ठेविला तोच तसा आहे, आणि नमुन्याची परीक्षा करणे हे टीकाकाराचे काम आहे.

प्रथम स्थळाचा थोडा परिचय करून देणे अवश्य आहे. रेणापूर हे लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या वाटेवरचे, लातूरपासून सुमारे २० किलोमीटरांवरील, रेणा नदीकाठचे जुने गाव. रेणुकादेवीच्या देवळामुळे ते आसपासच्या मुलखात विख्यात आहे. रेणा पुढे मांजरेस मिळते. हा सर्व प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. लातूर ही त्या राज्यातील धान्याची आणि कापसाची मोठी पेठ. १९११ साली बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी वाट लातुरापर्यंत येऊन पोहोचली आणि गाड्यागाड्यांनी येणारा कापूस येथेच पिंजून, दाबून, गाठी बांधून इंग्रजी मुलखात रवाना करणे सोयीचे झाले. नांदेडास उस्मानशाही मिलसारखी मोठी कापडगिरणी निघाली. लातूरच्या बाजूचे काम मात्र मुख्यतः जीन-प्रेसचे, तेलाचे आणि डाळीचे राहिले. पुढे कापसाची शेते हळूहळू सोयाबीनने व्यापिली, नद्यांच्या पाण्यावर ऊस आला, आणि आजच्या रेणापूर तालुक्यात निवाड्यास रेणा सहकारी व पानगावास पन्नगेश्वर असे साखर कारखाने उभे राहिले. ज्या लोहमार्गाने एके काळी गाठी गेल्या, त्याच वाटेने, रूळ रुंद झाल्यावर, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरकरांसाठी पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले. शंभर वर्षांत या प्रदेशाने काय बाहेर पाठविले आणि त्यास काय मागून घ्यावे लागले, याचा हिशेब या एकाच मार्गावर मांडता येईल. असा हिशेब मांडणारा ग्रंथ मात्र आमच्या पाहण्यात नाही.

गिरणीविषयी मराठीत लिहिलेच गेले नाही असे म्हणणे अर्थातच अन्यायाचे होईल. मामा वरेरकरांनी ‘धावता धोटा’ लिहून गिरणी-कामगारास कादंबरीत आणिले. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी तर कामगाराचा स्वर मराठी कवितेच्या मध्यभागी आणून ठेविला. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतरची पडझड जयंत पवार यांनी ‘अधांतर’ नाटकात एका कुटुंबाच्या खोलीतून दाखविली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावाचा मौखिक इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. ही सर्व कृती आदरास पात्र आहे. तथापि ती मुंबईची आहे, आणि तिच्यामुळे एक साचा आमच्या मनात घट्ट बसला आहे. चाळ, भोंगा, युनियन, संप, टाळेबंदी आणि शेवटी रिकामी चिमणी असा तो साचा होय. खेड्याकडच्या गिरणीस हा साचा लावू गेले असता ती त्यात मावत नाही, आणि मावत नाही म्हणून ती लिहिण्याजोगी नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मावत नाही याचे कारण उघड आहे. मुंबईचा गिरणी-कामगार गाव मागे ठेवून आला. त्याचे शेत कोकणात किंवा घाटावर राहिले, आणि तो बाराही महिने कामगार झाला. जीनवरचा मजूर शेतातून उठतो, चार महिने कामगार होतो आणि पुन्हा शेतात जातो. कापूस दिवाळीच्या सुमारास येऊ लागतो आणि उन्हाळा लागता लागता संपतो. उसाचा हंगामही साधारण त्याच दिवसांचा. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते आणि उरलेली बहुतेक सरकी असते. रुई गाठीत जाते, सरकी तेलाच्या गिरणीत जाते, पेंड पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या गोठ्यात येते. ज्या बाईने भाद्रपदात कापसाचे खुरपण केले तीच पौषात जीनवर पाटीने कापूस वाहते, आणि त्याचे तंतू तिच्या नाकातोंडात जातात. अशा वस्तीत ‘कामगार वर्ग’ म्हणून वेगळा दाखविता येईल असा समूह सापडत नाही. सापडते ते एकच घर, आणि त्यातली माणसे वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत निरनिराळ्या धन्यांची असतात. या घराचे चरित्र लिहावयाचे तर हंगाम हाच त्याचा कालक्रम मानिला पाहिजे. सन आणि तारीख यांस त्यात दुय्यम स्थान आहे.

आता येथे एक विलक्षण तुलना सुचते. गिरणी येण्यापूर्वी जे काम जाते करीत असे, त्या कामाचे वाङ्मय मराठीत विपुल आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात ओव्या संग्रहित केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनास उभे आयुष्य दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि आज त्या कोणासही ऐकावयास मिळतात. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांचे सुखदुःख इतके तपशीलवार जतन झाल्याचे उदाहरण जगाच्या वाङ्मयातही फारसे आढळणार नाही. परंतु जाते ओसरीवरून उचलले गेले, दळण गिरणीत जाऊ लागले, आणि त्या दिवसापासून ती स्त्री वाङ्मयातून जणू नाहीशी झाली. ती नाहीशी झाली नव्हती. ती जीनवर होती, डाळ निवडीत होती, उसाच्या फडात होती. एवढेच की तेथे ओवी नव्हती.

जात्याचा मोह आम्हांस नाही. ज्या स्त्रियांनी ते ओढले त्या गिरणी आल्यावर रडल्या नाहीत. ओवी गोड असली तरी खांदे दुखावणारे श्रम गोड नव्हते. प्रश्न इतकाच आहे की, श्रमाचे एक स्थळ वाङ्मयात का उतरले आणि दुसरे का उतरले नाही. आमच्या मते याचे उत्तर यंत्राच्या आवाजात नाही. जात्यापाशी काम करणारी बाई आपल्या कामाचा वेग स्वतः ठरवी, आणि त्या वेगात तिचा शब्द बसे. यंत्रापाशी वेग यंत्राचा असतो, आणि वहीत लिहिणारा दुसराच कोणी असतो. लेखणी कोणाच्या हाती गेली, हा खरा प्रश्न आहे. ती गेली मुनिमाच्या, मुकादमाच्या आणि पुढे स्मरणिकेच्या संपादकाच्या हाती.

ही स्मरणिका हा ग्रामीण गिरणीच्या इतिहासाचा आज जवळजवळ एकमेव प्रचलित ग्रंथप्रकार आहे; म्हणून तिचा थोडा विचार केला पाहिजे. रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव आला की ती निघते. आरंभी मान्यवरांचे शुभसंदेश, नंतर संस्थापकांचे छायाचित्र व चरित्र, नंतर हंगामनिहाय गाळप व उतारा यांचे तक्ते, नवीन यंत्रे, सभासदांच्या हिताच्या योजना, आणि शेवटी बी-बियाणे व यंत्रसामग्रीच्या जाहिराती. तिचा उपहास करणे सोपे आहे. पण तो योग्य होणार नाही. पुष्कळ ठिकाणी तिच्याखेरीज दुसरे लिखित साधनच नाही, आणि तिच्यातील आकडे पुढच्या अभ्यासकास मोलाचे ठरतील. शिवाय संस्थापकांचा गौरव सर्वस्वी अनाठायी असतो असेही नाही. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी कारखान्याचा भागीदार झाला. ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु स्मरणिकेचा नायक सभासद आहे. ज्याच्या नावावर ऊस आहे तो सभासद. ज्याच्या हातात कोयता आहे तो नव्हे. फडातील तोडणी मुकादमामार्फत होते आणि तोडणारा कारखान्याच्या हजेरीपटावर बहुधा नसतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजिला जातो. एकटा असला तर ‘अर्धा कोयता’. दोन माणसांस एका हत्याराचे नाव देणारी ही मोजणी ज्या भाषेत रूढ झाली, त्या भाषेच्या टीकाकाराने तिजकडे दुर्लक्ष करू नये. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकिली गेल्याचे निष्पन्न झाले. हंगामातील खाडा परवडत नाही, हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. गाळपाच्या तक्त्यात या संख्येस रकाना नाही. रकाना नसणे यास कोणी एक लबाड लेखक कारण नाही. हा ग्रंथप्रकारच असा घडला आहे की त्यात ती संख्या बसू शकत नाही.

मग हा इतिहास कोठे लिहिला गेला आहे काय? आमच्या मते एका ठिकाणी लिहिला गेला आहे, आणि आम्ही तो वेगळ्या नावाने वाचीत आलो. लातूर तालुक्यातील धनेगावी जन्मलेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. ते बहुतेक दुःखाविषयी आहे. चोरीचा वारसा, पोलिसांचा मार, भूक, आणि घराण्यात प्रथमच शाळेत गेलेला मुलगा यांविषयी आहे. वाचकांस धक्का बसला तो या भागाने. परंतु त्याच पुस्तकात लातूरच्या सूतगिरणीतील मजुरी आणि कामगारांच्या लढ्याचे दिवस आहेत, आणि त्या भागाची चर्चा आमच्या वाचनात क्वचितच आली. दलित व भटक्या-विमुक्तांचे आत्मकथन असा शिक्का एकदा बसला की वाचक त्यात जात शोधितो. गिरणी शोधीत नाही.

गिरणीच्या दृष्टीने हे पुस्तक पुन्हा वाचिले असता एक शब्द आमच्या डोळ्यांपुढे वारंवार उभा राहतो. तो शब्द ‘हजेरी’. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचे निर्बंध होते. अशा जमातींच्या माणसांस ठराविक वेळी सरकारी अंमलदारापुढे जाऊन हजेरी द्यावी लागे. स्वतंत्र भारतात १९५२ साली ते बंधन कायद्याने उठले. त्याच वर्षी गायकवाडांचा जन्म झाला. आता त्या जमातीचा तरुण गिरणीच्या फाटकातून आत जातो आणि त्याचे नाव हजेरीपटावर चढते. शब्द तोच आहे. पूर्वीची हजेरी ‘हा चोर आहे’ असे सांगे. ही हजेरी ‘याने आज काम केले, यास मजुरी देणे आहे’ असे सांगते. मुंबईच्या कादंबरीत गिरणीचे फाटक हे बहुधा बंधनाचे चिन्ह असते. येथे ते प्रथमतः सुटकेचे चिन्ह आहे, आणि मगच बंधनाचे. याच फाटकाआड कामगारांची संघटना करावी लागते, ही कहाणीची पुढची पायरी. एकाच फाटकाचे हे दोन्ही अर्थ ज्या ग्रंथात एकत्र सापडतात तो ग्रंथ इतिहासाच्या योग्यतेचा आहे, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

या ग्रंथात उणिवा नाहीत असे आमचे म्हणणे नाही. गिरणीचा अभ्यासक जे तपशील मागेल, चात्या किती, पाळ्या कशा, सूत कोणत्या बाजारास गेले, ते त्याने येथे शोधू नयेत. लेखकाने तशी प्रतिज्ञाही केलेली नाही. म्हणूनच स्मरणिका आणि आत्मकथन ही एकमेकांशेजारी ठेवून वाचिली पाहिजेत. एकीत यंत्र आहे आणि माणूस नाही. दुसऱ्यात माणूस आहे आणि यंत्र धूसर आहे.

परदेशाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. स्कॉटलंडात क्लाईड नदीच्या काठी न्यू लॅनार्क नावाची लहानशी गिरणी-वस्ती आहे. तेथील कापूसगिरणी १७८६ साली सुरू झाली. १८०० पासून रॉबर्ट ओवेन याने तिची व्यवस्था पाहिली आणि मुलांसाठी शाळा, मजुरांसाठी स्वस्त दुकान असे प्रयोग केले. १९६८ साली गिरणी बंद पडली. पण वस्ती राखिली गेली आणि २००१ साली ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. हे सर्व अनुकरणीय आहे. तरीही तो इतिहास आजही मुख्यतः ओवेनचा इतिहास आहे. त्याच्या आधीच्या मालकाच्या काळात ग्लासगो-एडिंबरो येथून आणिलेली कित्येक शे अनाथ मुले तेथे कामास होती. त्यांची हकीकत आपणांस कळते ती मालकांच्या व पाहुण्यांच्या लेखणीतून. म्हणजे इमारती राखिल्याने इतिहास राखिला जातो असे नाही. आणि आमच्याकडे तर इमारतीही राहात नाहीत. जीनची जागा विकली जाऊन तेथे घरांचे भूखंड पडतात.

मग खेड्यातील गिरणीच्या इतिहासाची परीक्षा कशाने करावी? तीन वह्या त्याने उघडल्या आहेत की नाहीत एवढे पाहावे, असे आम्हांस वाटते. पहिली वही हजेरीची: कोणाचे नाव पटावर होते, आणि काम करूनही कोणाचे नव्हते. दुसरी वही उचलीची. हंगामापूर्वी मुकादमाकडून जी रक्कम आगाऊ घेतली जाते तिला आमच्याकडे ‘उचल’ म्हणतात. आगाऊ घेतलेली उचल फेडता फेडता ज्याचा हंगाम जातो तो माणूस, आणि ‘उचल्या’ म्हणून ज्यास हिणविले जाते तो माणूस, या दोघांसाठी भाषेने एकच धातू वापरावा, हा केवळ योगायोग असेलही. पण देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण हे तपासण्याची आठवण तो करून देतो. तिसरी वही हंगामाबाहेरच्या महिन्यांची: गिरणी बंद असताना त्या घराने काय खाल्ले, मुलगा शाळेत राहिला की नाही, मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात उरकले. या तीन वह्या उघडणारे लेखन साधे असो, अशुद्ध असो, ते इतिहास होय. त्या मिटलेल्या ठेवणारे लेखन कितीही सचित्र असले तरी ती जाहिरातच होय.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. ज्यांनी लातूरच्या जीनवर कापूस वाहिला ती माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि दर वर्षी त्यांतील काही जातात. त्यांची नातवंडे आमच्या वर्गात बसतात. शिकलेल्या कुटुंबांतही पाहावे तर आजोबा प्रेसमध्ये मापाडी होते, आजी डाळमिलीत निवडणीस जात असे, हे सांगावयास पुढची पिढी काहीशी लाजते. या लाजेने जितका इतिहास नष्ट केला तितका वाळवीने केला नसेल.

त्या विद्यार्थ्याने पुढे निबंध पुन्हा लिहिला. या वेळी संचालक मंडळ एका ओळीत आटोपले होते. आई कोणत्या साली प्रथम फडावर गेली, त्या वेळी उचल किती होती, मागे राहिलेल्या धाकट्या बहिणीस कोणी सांभाळिले, हे त्याने घरी बसून विचारिले होते. कागद आमच्या हाती देताना तो म्हणाला, “सर, आईला साल सांगता येत नाही. नुसतं म्हणते, भूकंपाच्या पुढच्या दिवाळीला.” आम्ही त्यास सांगितले की, भूकंप १९९३ च्या सप्टेंबरअखेरीस झाला, त्यावरून साल काढून समासात लिही, पण आईचे शब्द खोडू नकोस. आमच्या मुलखातील माणसे काळ असाच मोजतात. रझाकारी, बहात्तरचा दुष्काळ, भूकंप, आणि आता पाण्याची गाडी. या प्रदेशाची कालगणना तयार आहे. तिच्या पुढे गिरणीच्या हकिकती भरावयाच्या तेवढ्या राहिल्या आहेत.